सुप्याचे पाणी आणि पाहुण्याचे ताट

(जलाशयांच्या काठी निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या ग्रामस्थांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी कोणी कोयनेच्या शिवसागराकाठचे, तापोळा-बामणोलीकडचे आहेत. कोणी प्रवरेवरील भंडारदऱ्याच्या परिसरातून आलेले आहेत. आपल्या सर्वांचा व्यवसाय एकच आहे. शहरातून आलेल्या पाहुण्याला दोन दिवस आपल्या घरी ठेवून घेणे, त्याला चार ठिकाणे दाखविणे आणि पोटभर जेवू घालणे, हा तो व्यवसाय. पाहुणा आला म्हणजे सामान खाली ठेवण्यापूर्वीच दोन प्रश्न विचारतो. येथे पाहावयास काय आहे, आणि जेवणाची सोय कोठे आहे? या दोन प्रश्नांना काय उत्तर द्यावे, एवढ्यापुरतेच आज मी बोलणार आहे. मात्र उदाहरण मी महाराष्ट्रातील घेतलेले नाही. ते आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यातील, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील आहे. आपले अंगण नीट दिसावे म्हणून कधी कधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते.

हा शेजारी तसा परका नाही. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच होता. जोयड्याच्या वाड्यांतून आजही कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा कानांवर पडतात. बेळगावहून खानापूर व लोंढा ओलांडून रामनगरला पोचलेल्या मराठी माणसाला वाट विचारण्यास अडचण पडत नाही.

पाण्याखाली काय आहे?

जोयड्याचा तलाव म्हणजे सुप्याचा जलाशय. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ समुद्रास मिळते. तिला मिळणाऱ्या एका नदीचे नाव पांढरी. काळी आणि पांढरी यांचा जेथे संगम होत असे, तेथे सुपा नावाचे गाव होते. ते तालुक्याचे ठाणे होते, आणि तालुक्यालाही सुपा तालुका असेच म्हणत. गणेशगुडी येथे काळी नदीवर जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले व १९८७ साली ते पूर्ण झाले. धरणाची उंची १०१ मीटर आहे. आपले कोयना धरण १०३ मीटरचे, म्हणजे उंचीने दोन्ही जवळजवळ सारखीच. साठवण मात्र सुप्याची अधिक आहे. कोयनेत सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते, तर सुप्यात सुमारे १४७ अब्ज घनफूट. या पाण्याने सुपा गाव, त्याची बाजारपेठ, देवळे आणि आसपासची शेते आपल्या पोटात घेतली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि विस्थापितांपैकी अनेकांची वसाहत रामनगरला झाली.

हे मी इतक्या विस्ताराने का सांगतो आहे, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. आपल्यातील कित्येकांच्या आजोबांचे घरही असेच एखाद्या जलाशयाच्या तळाशी आहे. ज्या पाण्याकडे बोट दाखवून पाहुणा "किती सुंदर!" म्हणतो, त्या पाण्याने कोणाचे तरी अंगण झाकलेले असते. म्हणून तलाव दाखविताना प्रथम तलावाखालचे गाव दाखवावे, असे माझे मत आहे. तेथे करुणा भाकण्याचे किंवा तक्रार मांडण्याचे कारण नाही. "येथे सुपा होते, येथे काळी आणि पांढरी मिळत असत," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते ऐकल्यावर पाहुण्याचा आवाज आपोआप खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

दोन दिवसांत काय पाहावे?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जोयड्यात दोन दिवस राहणाऱ्याने काय पाहावे?

पहिली सकाळ गणेशगुडीस द्यावी. धरणाच्या खालच्या अंगास काळीच्या पात्रात रबरी नावांतून प्रवाहाबरोबर उतरण्याचा खेळ चालतो. या खेळाचे गमक फारच थोड्या पाहुण्यांना ठाऊक असते. वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर तो अवलंबून असतो. वीज किती हवी यावर पाणी ठरते आणि पाण्यावर नावेची वेळ ठरते. म्हणून चौकशी केल्याशिवाय जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर या खेळाचा विचारही करू नये. गणेशगुडीलाच एक जुने कोठार आहे. धरणाच्या कामासाठी लागणारी सुरुंगाची दारू तेथे ठेवीत असत. ज्या वास्तूत एके काळी स्फोटके होती, तिच्या भोवती आज पक्षी पाहण्यासाठी माणसे श्वास रोखून बसतात. कर्नाटक शासनाच्या वननिवास संस्थेने तेथे पक्षिप्रेमींसाठी राहण्याची व्यवस्था केलेली आहे. टाकाऊ झालेली सरकारी इमारत पाडून न टाकता तिचा असा उपयोग करता येतो, हे आपल्याकडील धरणवसाहतींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या रानाचा मानकरी पक्षी म्हणजे धनेश. धनेशाच्या चार जाती या एका परिसरात आढळतात. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून टाकते आणि केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर उंबर-वडाची फळे आणून तिला भरवितो. जुने, पोकळ झालेले मोठे झाड तुटले, की एका कुटुंबाचे घर जाते. धनेश पाहावयास येणाऱ्या पाहुण्याला हे झाड दाखविल्याशिवाय पक्षी दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी उळवीस जावे. बाराव्या शतकात कल्याणात शरणांच्या चळवळीवर संकट कोसळले, तेव्हा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा आपल्या सहकाऱ्यांसह या निबिड अरण्यात आले, आणि त्यांची समाधी उळवीस आहे. माघ महिन्यातील जत्रेला धारवाड-बेळगावकडून शेतकरी बैलगाड्या जुंपून येतात. जंगलातील वळणांवरून चाललेल्या त्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली, त्याला यात्रा या शब्दाचा अर्थ पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. वाटेवर कानेरी नदीकाठी सिंथेरीचा प्रचंड खडक आहे. सरळ उभ्या कातळाला नदीच्या पाण्याने पोखरून कपारी केलेल्या आहेत आणि त्यांत पारव्यांची व मधमाश्यांची वस्ती आहे. आरडाओरडा केला तर मधमाश्या उठतात. म्हणून तेथे गप्प राहणे हा केवळ शिष्टाचार नसून ती सुरक्षिततेची बाब आहे.

ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी कॅसल रॉकला जावे. १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्या काळात हे सरहद्दीवरील रेल्वेस्थानक होते. येथून आगगाडी घाट उतरून दूधसागरच्या धबधब्याजवळून गोव्यात जाते. त्याच बाजूस कुवेशी गावाजवळ झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालण्याची झुलती वाट वनखात्याने उभारलेली आहे. दक्षिणेस अणशीचे राष्ट्रीय उद्यान आहे. अणशी आणि दांडेली मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव देण्यात आले. तेव्हा या तालुक्यातील बहुतेक वाटा वाघाच्या घरातून जातात, हे विसरून चालणार नाही. कोठे जाण्यास परवानगी आहे आणि कोठे नाही, हे वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच पुढे जावे.

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला माहितीपत्रकात सापडले नाही. ते एका स्वयंपाकघरात सापडले.

एका संध्याकाळची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात मी सहकुटुंब रामनगरच्या बाजूच्या एका वाडीत उतरलो होतो. घर कुणबी कुटुंबाचे होते. शेणाने सारवलेले अंगण, पुढे सुपारीची चार झाडे, मागे रान. यजमानांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या होत्या. रात्री ताट वाढले गेले. ताटात पनीरची तांबडीलाल भाजी होती, मैद्याच्या रोट्या होत्या आणि कोबीचे चिनी पद्धतीचे तळलेले गोळे होते. पनीर कित्येक मैलांवरून आणलेले होते. अन्न वाईट नव्हते, परंतु तेच ताट आम्ही आदल्या दिवशी बेळगावच्या उपाहारगृहात जेवलो होतो.

जेवण झाल्यावर गरम पाणी मागण्यासाठी मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात डोकावलो. घरची मंडळी जेवावयास बसली होती. त्यांच्यासमोर तांदळाच्या भाकरी होत्या, आमसुले घालून केलेली कसलीशी दाटसर भाजी होती आणि चुलीच्या निखाऱ्यांतून काढलेले, सालीसकट भाजलेले लहान कंद होते. त्या वासाने माझी भूक पुन्हा जागी झाली.

"वहिनी, हे काय आहे?" मी विचारले.

त्या संकोचून उठल्या. "काही नाही, भाऊ. मुडलीची भाजी आणि काटेकणंगं. आमचं रोजचं."

"मग आम्हाला का नाही वाढलंत?"

"हे कसं वाढायचं पाहुण्यांना? तुम्ही एवढे पैसे देऊन येता."

कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझ्यासाठी पाट सरकविला आणि आपल्याच ताटातील एक कंद सोलून माझ्या हातावर ठेवला. नंतर त्या जे बोलल्या, त्यात कोकणी अधिक होती, मराठीत त्याचा आशय असा, की "आमचे घर पाण्यात गेले, तेव्हा गाडीत भांडी चढविली, कौले चढविली. मी परसातले मुडलीचे गड्डे उकरून पदरात बांधून आणले. येथे आल्यावर सर्वांत आधी ते लावले. हे त्याच गड्ड्यांचे आहे, बाबा."

मंडळी, कंद बियांपासून लावीत नाहीत. जुन्या गड्ड्याचा तुकडा किंवा त्याच्या कडेला आलेले पिल्लू मातीत पुरतात आणि त्यातून नवा वेल किंवा नवे झाड उठते. याचा अर्थ असा, की त्या घराच्या परसात उभी असलेली मुडली ही पाण्याखाली गेलेल्या अंगणातील मुडलीची वंशजसुद्धा नव्हे. ती तीच आहे. त्या खोऱ्यातील घरे गेली, वाटा गेल्या, संगम गेला. एक गड्डा वाचला, आणि तो दरवर्षी मागच्या परसात उगवत राहिला. आणि आम्ही, तलाव पाहावयास आलेले पाहुणे, समोरच्या खोलीत बसून पनीर खात होतो.

त्या रात्री माझ्या मनात जे आले, तेच आज येथे सांगावयास मी आलो आहे. धरणाने या माणसांची जमीन बुडविली, ती देशाला वीज हवी होती म्हणून. त्याची आवश्यकता आपण मान्य करू. परंतु त्यांचे अन्न जर आता बुडाले, तर ते कोणाच्याही गरजेसाठी बुडणार नाही. पाहुण्याला काय आवडेल याविषयीच्या आपल्या चुकीच्या समजुतीने ते बुडेल.

जोयड्याचे ताट

तेव्हा जोयड्यात जेवावे कोठे, याचे माझे उत्तर असे आहे.

रामनगरला बेळगाव-पणजी रस्त्याच्या कडेला खानावळी आहेत. गोव्याकडची माशांची आमटी-भात आणि धारवाडकडची ज्वारीची भाकरी येथे एकाच फळ्यावर लिहिलेली आढळते. प्रवासाच्या वेळी तेथे जेवावे. दोन मुलखांची सरहद्द ताटातही कशी असते ते दिसते. उळवीला गेल्यावर दासोहाचा प्रसाद घ्यावा. शरणांच्या परंपरेत अन्नदान हे पूजेइतकेच मोठे मानलेले आहे आणि पंक्तीत बसल्यावर कोणी कोणाची जात विचारीत नाही. मात्र किमान एक जेवण तरी घरचे घ्यावे, तेही आगाऊ सांगून आणि घरच्या पद्धतीने.

हे घरचे ताट ऋतूप्रमाणे पालटते. पावसाळ्याच्या प्रारंभी कळकाचे कोवळे कोंब आणि अळंबी निघतात. श्रावणात अळूच्या पानांच्या वड्या आणि हळदीच्या पानात उकडलेले गोड पातोळे होतात. पावसाळा सरून हिवाळा लागला, की कंदांचे दिवस येतात. मुडली, कोन, काटेकणंग, करांदे, चिरके अशी त्यांची कितीतरी नावे आहेत. मे-जून महिन्यांत लावलेले हे कंद डिसेंबर-जानेवारीत उकरतात. काही जमिनीखाली वाढतात, तर करांद्यासारखे काही वेलीवर लोंबतात. उन्हाळ्यात फणस, रातांब्याचे सरबत आणि रानचा मध असतो. शेंड्यावर पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची आंबट-तिखट चटणीही येथे करतात. ती सर्वांनाच रुचेल असे नाही, परंतु ज्याला चाखावयाची आहे त्याला ती नाकारण्याचेही कारण नाही.

एकेकाळी या डोंगरांवर कुमरीची, म्हणजे फिरती शेती चालत असे. इंग्रजी अमदानीत तिच्यावर बंधने आली. शेती घराजवळ आकसली तशी कंदांची विविधताही परसात येऊन राहिली, आणि ती सांभाळण्याचे काम मुख्यतः घरच्या स्त्रियांकडे आले. कोणता गड्डा कोठे लावावा, कोणता भाजावा, कोणता शिजवावा, हे त्यांना पाठ असते. गेली दहाएक वर्षे जोयड्यास जानेवारीच्या सुमारास कंदांचा मेळा भरतो. वाड्यावाड्यांतील कुणबी शेतकरी आपापले कंद घेऊन येतात. एकेका मुडलीचे आकारमान पाहून शहरातील माणूस थक्क होतो. मांडलेले कंद पाहता पाहता विकले जातात. जे अन्न स्वयंपाकघरात लपविले जात होते, त्यासाठी लोक दुरून गाडी करून येतात, हे त्या मेळ्याने दाखवून दिले. असा मेळा आपल्याकडेही भरविता येईल.

आपण काय करावे?

कोणी म्हणेल, "भाषण ठीक आहे, पण पाहुणा खरोखर पनीरच मागतो. त्याच्या मुलाला बटाट्याखेरीज भाजी चालत नाही. आम्ही धंदा करावा की लोकशिक्षण?" ही अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून काही व्यवहाराच्या सूचना करतो.

पहिली गोष्ट, संपूर्ण ताट बदलू नका. वरण, भात, भाकरी हे ओळखीचे पदार्थ ठेवा आणि त्यात एक पदार्थ आपल्या मातीचा वाढा. काटेकणंग मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडून सकाळच्या चहाबरोबर दिले, तर बटाटा खाणारे मूलही ते खाते. कोनाच्या पातळ कापांना मीठ-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजले, तर ते माशाच्या तुकडीसारखे लागतात, आणि शाकाहारी पाहुणा अधिकच खूश होतो.

दुसरी गोष्ट, जाणत्या हातांनीच शिजवा. मुडली ही अळूच्या कुळातील आहे. या कुळातील कंदांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवितात. म्हणूनच आपल्या आज्यांनी त्यात चिंच किंवा आमसूल घालून भाजी पुरती शिजविण्याचा नियम घालून दिला. करांद्यांत कडवटपणा असतो; तो काढण्याची रीत घरोघर असते. ती रीत ठाऊक नसेल तर तो पदार्थ पाहुण्याला देऊ नका. रानातला अनोळखी कंद आणि अनोळखी अळंबी तर कोणत्याही परिस्थितीत वाढू नये. एका पाहुण्याच्या पोटात दुखले, तर साऱ्या वाडीचे नाव खराब होते.

तिसरी गोष्ट, रान ओरबाडू नका. परसात लावलेला कंद विकणे वेगळे आणि मागणी वाढली म्हणून रानातील वेल मुळासकट उपटणे वेगळे. राखीव जंगलातून काय आणता येते व काय नाही, याचे नियम आहेत. ते पाळलेच पाहिजेत. गड्डा उकरला की त्याचा एक तुकडा पुन्हा मातीत पुरावयाचा, ही जोयड्याच्या स्त्रियांची सवय प्रत्येक तलावकाठाने उचलावी. ज्या दिवशी पाहुण्यासाठी शेवटचा गड्डा शिजेल, त्या दिवशी पाहुणा येण्याचे कारणही संपेल.

चौथी गोष्ट, आगाऊ सांगण्याची शिस्त पाहुण्याला लावा. कंद उकरावा लागतो, धुवावा लागतो, सोलावा लागतो. "आदल्या दिवशी सांगितल्यास घरचे जेवण मिळेल," अशी पाटी लावा, आणि त्या जेवणाची किंमत पनीरच्या ताटाहून कमी ठेवू नका. स्वस्त ठेवले म्हणजे आपणच त्याला गरिबाचे अन्न ठरवितो. त्या किमतीतील वाटा शिजविणाऱ्या बाईच्या हातात पडला पाहिजे, हेही मी आग्रहाने सांगतो. कारण हे ज्ञान तिचे आहे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, पदार्थ वाढताना त्याचे नाव सांगा. नुसते "भाजी आहे, घ्या" असे म्हणू नका. "ही मुडली. आमच्या सासूबाईंनी सुप्याहून आणली," असे म्हणा. शहरातील माणसाला पदार्थाची चव दोन दिवसांत विसरते. परंतु त्यामागची हकीकत तो घरी घेऊन जातो आणि चार जणांना सांगतो. जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची आहे. ही जाहिरात फुकट आहे, आणि खरी आहे.

समारोप

मी जोयड्याचे चित्र केवळ गुलाबी रंगविले, असा समज कृपया करून घेऊ नये. तेथेही अडचणी आहेत. जंगलाच्या आत असलेल्या कित्येक वाड्यांना चांगला रस्ता नाही. रानडुकरे कंद उकरून नेतात. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत राहावे की बाहेर पडावे, हा प्रश्न काही कुटुंबांपुढे आहे. तलावाकाठी उभ्या राहिलेल्या मोठ्या विश्रामस्थानांपैकी अनेकांचे मालक बाहेरगावचे आहेत, आणि तेथील भटारखान्यात शिजणारे अन्नही बाहेरगावचेच असते. पाहुण्याने मोजलेले पैसे त्या तालुक्यात किती राहतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. म्हणूनच घरच्या ताटाला महत्त्व आहे. परसातील कंद, घरचा तांदूळ, झाडाची आमसुले आणि घरच्या बाईचे श्रम यांवर खर्च झालेला रुपया गाव सोडून जात नाही.

आपल्या राज्यातही निवास-न्याहारीची योजना बरीच वर्षे चालू आहे, आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. नोंदणी, प्रशिक्षण, मार्गदर्शन यांची दारे उघडी आहेत. त्यांचा लाभ आपण घ्यावा. परंतु शासन आपल्याला खोली कशी असावी हे सांगू शकेल, स्वच्छतागृह कसे असावे हे सांगू शकेल. ताटात काय असावे हे मात्र आपल्या घरातील सर्वांत वडील स्त्रीला विचारावे लागेल. कोयनाकाठी जी नाचणी, जो वरई-भात, ज्या रानभाज्या आपण घरात खातो आणि पाहुण्यापासून लपवितो, त्यांची नावे आज रात्री एका कागदावर लिहून काढा. उद्याच्या सत्रात ते कागद आपण वाचू. माझी खात्री आहे, की या सभागृहात निदान शंभर पदार्थ निघतील.

शेवटी, त्या संध्याकाळविषयी आणखी दोन शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आम्ही आजींना नमस्कार केला. त्यांनी माझ्या पत्नीच्या हातात कागदात गुंडाळलेला मुडलीचा एक लहान गड्डा दिला आणि सांगितले, की पावसाच्या तोंडावर लाव, पाणी साचू देऊ नकोस, आणि काढशील तेव्हा एक तुकडा मातीत ठेव. पुण्यातील आमच्या घरामागे चार हात जागा आहे. तेथे ती मुडली लागली आहे. तीन हिवाळे आम्ही तिची भाजी खाल्ली. दरवर्षी काढताना एक तुकडा मातीत ठेवला, आणि दोन तुकडे शेजाऱ्यांना दिले. सुप्याच्या पाण्याखालचे ते अंगण आता तीन घरांच्या मागे आहे.